अभ्यासाला निघालेल्या माणसाची श्रद्धा : धर्मानंद कोसंबींच्या निमित्ताने



मागच्या व्याख्यानानंतर एक विद्यार्थी आमच्यासाठी थांबला होता. इथलाच, मराठवाड्यातला. पाली शिकायची, पुढे जमलं तर काही वर्षं विहारात राहून त्रिपिटकाचा नीट अभ्यास करायचा, असं त्याच्या मनात आहे. घरी आईला काळजी. मुलगा चीवर घालेल याची तिला तेवढी भीती नाही. तिची भीती वेगळीच आहे. तिचं म्हणणं, 'तू आत्ता वंदना म्हणतोस ती मनापासून म्हणतोस. पुस्तकं वाचून आलास की म्हणशील का?' हा प्रश्न त्याने आमच्यापुढे ठेवला, आणि खरं सांगायचं तर उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. आजचं व्याख्यान त्या माउलीच्या प्रश्नावर आहे.

हा प्रश्न काही एका घरचा नाही. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत मुलगा पाठवणाऱ्या घरात तो असतो, मदरशात पाठवणाऱ्या घरात असतो, पाद्री व्हायला निघालेल्या मुलाच्या घरात असतो. धर्माचा अभ्यास करायचा म्हणजे ज्याला आपण हात जोडतो त्याला हातात घेऊन, उलटसुलट करून बघायचं. बघितल्यावर हात पुन्हा जुळतील का?

आपल्या शहराला हा प्रश्न विचारायचा हक्क जरा जास्तच आहे. बाबासाहेबांनी 1950 साली इथे कॉलेज सुरू केलं. त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. रोज तिथून जाताना आपण लक्ष देत नाही, पण बघा, मिलिंद हा 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. नागसेन उत्तर देणारा भिक्खू. म्हणजे कॉलेजला नाव प्रश्नकर्त्याचं आणि ज्या रानात ते उभं आहे त्याला उत्तर देणाऱ्याचं. नाव ठेवणाऱ्याने यातून काय सुचवलं, हे वेगळं सांगायला नको.

आणखी थोडं मागे जाऊ. वेरूळला पाचव्या क्रमांकाचं लेणं तुम्ही पाहिलं असेल. लांबलचक दालन, आणि मधोमध जमिनीपासून थोडेच वर आलेले दोन लांब दगडी बाक, समोरासमोर. हे जेवणाच्या पंगतीसाठी की पाठ म्हणायला बसण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीही असो, अशा जागांमध्ये शेकडो वर्षं तरुण मुलं घर सोडून येत होती, पाठ करत होती, वाद घालत होती. त्यांच्याही आया होत्याच की.

त्या मुलांच्या मनात काय चालत असेल, याची एक झलक 'मिलिंदपञ्हा'च्या सुरुवातीलाच आहे. राजाचे प्रश्न सगळ्यांना माहीत असतात, रथाचा दृष्टान्त पाठ असतो. नागसेनाच्या शिक्षणाची गोष्ट मात्र मागे राहते. ही काही इतिहासाची नोंद नव्हे, ग्रंथाने सांगितलेली कथा आहे. पण शिकणाऱ्या मनाबद्दल तिला बरंच कळतं. नागसेन ब्राह्मण घरातला मुलगा. लहानपणीच तीन वेद शिकून घेतो, आणि मग त्याला वाटतं, यात सार काही सापडलं नाही. रोहण नावाचे स्थविर त्याच्या दारात भिक्षेला येतात. कथा सांगते की ते सात वर्षं दहा महिने त्या दारात येत राहिले, आणि एवढ्या काळात त्यांना तिथे घासभर भात सोडा, गोड शब्दही मिळाला नव्हता. नागसेन त्यांना विचारतो, तुम्हाला येणारी विद्या मला शिकवाल का? उत्तर मिळतं, चीवर घेणाऱ्यालाच शिकवता येते. आईवडील परवानगी देतात, का, तर शिकून झालं की पोरगा परत येईल अशी त्यांची समजूत!

पुढे काय होतं? उपसंपदा झाल्यावर नागसेनाच्या मनात येतं, आपले गुरू काही शहाणे दिसत नाहीत, बाकीचं बुद्धवचन बाजूला ठेवून त्यांनी आधी अभिधम्मच शिकवला. गुरूंना ते कळतं, ते रागावतात, आणि या अपराधाचं परिमार्जन म्हणून त्याला सांगतात, मिलिंद राजाच्या प्रश्नांची उत्तरं देऊन त्याचं समाधान कर. म्हणजे कथेच्या दृष्टीने पुढचा सगळा संवाद एका विद्यार्थ्याच्या गुरूविषयीच्या शंकेतून निघाला आहे.

आणखी एक प्रसंग. पाटलिपुत्राला धर्मरक्षित स्थविरांपाशी नागसेन तिन्ही पिटकं शिकतो. सगळं तोंडपाठ झाल्यावर स्थविर त्याला म्हणतात त्याचा आशय असा, की गुराखी गाई राखतो पण दूध दुसरेच पितात, तसं तुझं झालंय. विद्या आहे, पण तिचं फळ तुझ्या वाट्याला आलेलं नाही. ते ऐकल्यावर नागसेन साधनेला लागतो. म्हणजे अभ्यास आणि श्रद्धा यांच्यात अंतर पडू शकतं, ही आईची भीती परंपरेला केव्हाच माहीत होती. पण त्यावर 'शिकू नकोस' असा उपाय तिने सांगितला नाही.

आता कथेतून इतिहासात येऊ. आपल्याच भाषेत, गेल्या सव्वाशे वर्षांत, या वाटेने गेलेला आणि परत येऊन सगळं लिहून ठेवलेला एक माणूस आहे. धर्मानंद कोसंबी. जन्म 9 ऑक्टोबर 1876, गोव्यातलं साखवाळ गाव. 'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र 1924 चं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

धर्मानंदांची सुरुवात कशातून झाली? घरची नारळाची बाग, शिक्षण बेताचं, लहान वयात लग्न, प्रकृती तोळामासा, मन उदास. तुकोबांच्या गाथेने त्यांना धीर दिला. आणि मग 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं छोटंसं चरित्र वाचलं. मुलांचं मासिक, मित्रहो! तिथून बुद्ध मनात बसला तो कायमचा. पुढे बुद्धाचं आणखी मोठं मराठी चरित्र मिळालं, तेही पुन्हा पुन्हा वाचलं. ही चरित्रं कोणत्या बुद्धाची होती? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून विरक्त झालेल्या, झोपलेल्या पत्नीला आणि तान्ह्या मुलाला सोडून मध्यरात्री घोड्यावरून निघून गेलेल्या राजपुत्राची. हे चित्र लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

1899 च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडलं. घरात पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. त्यांना बौद्ध धर्म शिकायचा होता, आणि तो कुठे शिकायला मिळतो हे त्यांच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आज आपण फोनवर दोन मिनिटांत विद्यापीठ शोधतो, प्रवेशाचा अर्ज भरतो. धर्मानंदांना विद्यालयाच्या दारापर्यंत पोचायलाच दोन वर्षांहून जास्त लागली. आमच्या मते त्यांच्या श्रद्धेचं निम्मं शिक्षण या दोन वर्षांतच झालं.

पुण्याला आले, डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. संस्कृतशिवाय पुढे जाता येणार नाही हे दिसत होतं, म्हणून तिथे संस्कृतला सुरुवात केली. मग इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर करत काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांपाशी व्याकरण शिकायचं. आता विचार करा, बुद्धासाठी घर सोडलेला हा तरुण दिवसचे दिवस सूत्रं घोकतोय, आणि बुद्धाचा त्यात कुठे पत्ता नाही! ज्याला भाषा शिकून मग ग्रंथाकडे जायचं असतं त्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे. देवाच्या ओढीने निघायचं आणि हातात पडतात ती क्रियापदांची रूपं. इथेच पुष्कळ जण परत फिरतात. धर्मानंद फिरले नाहीत.

दुसरा धक्का नेपाळचा. 1902 च्या सुरुवातीला ते मोठ्या आशेने नेपाळला गेले. जिवंत बौद्ध धर्म तिथे बघायला मिळेल असं वाटलं होतं, आणि तिथली अवस्था पाहून ते निराश झाले. पुस्तकातला धर्म आणि माणसांतला धर्म यांतली फट त्यांनी शाळेत पाऊल टाकण्याआधीच पाहिली. मग बोधगया. तिथे भेटलेल्या भिक्खूंकडून सिंहलद्वीपाची वाट कळली. कलकत्त्याहून मद्रास, आणि मद्रासहून कोलंबो.

कोलंबोत विद्योदय परिवेण होतं. परिवेण म्हणजे भिक्खूंचं विद्यापीठ म्हणा. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते 1873 मध्ये सुरू केलं. धर्मानंद पोचले तेव्हा महास्थविर पंचाहत्तरीच्या घरात होते. त्यांनी या गोव्याच्या तरुणाला श्रामणेर दीक्षा दिली. पाली ग्रंथ होते सिंहली लिपीत, म्हणजे आधी लिपी शिकणं आलं. पुढे ब्रह्मदेशात गेले, तिथे बर्मी लिपी आली, भिक्खूची उपसंपदा झाली, ध्यानाचा अभ्यास झाला. परत भारतात येऊन सारनाथ, कुशिनारा अशा ठिकाणी राहिले. 1906 च्या सुमारास त्यांनी चीवर उतरवलं आणि कलकत्त्यात पाली शिकवायला लागले.

जवळजवळ सात वर्षांनी ते गोव्याला घरी गेले. इथे आपण जरा थांबू या. अभ्यासाने श्रद्धेचं काय झालं हे विचारताना त्या अभ्यासाची किंमत कोणी दिली, हेही विचारलं पाहिजे. ती बाळाबाईंनी दिली, आणि बापाची ओळख नसलेल्या मुलीने दिली. एका थोर पुरुषाचा गृहत्याग म्हणून हे झाकून टाकू नये, असं आम्हाला वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिकल्यावर काय झालं?

1914 साली धर्मानंदांचं 'बुद्धलीलासारसंग्रह' आलं. त्यात जातककथा आहेत, परंपरेने सांगितलेलं बुद्धचरित्र आहे, उपदेश आहे. सामान्य मराठी वाचकाला रस वाटावा असं पुस्तक. आणि 1940-41 मध्ये आलं 'भगवान बुद्ध'. तोवर मधे हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचं काम झालं होतं, 1912 ते 1918 फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवून झालं होतं, 1929 मध्ये रशिया पाहून झाला होता, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला होता. 'भगवान बुद्ध'मध्ये हा माणूस काय करतो? ज्या गोष्टीने त्याला घराबाहेर काढलं, तीच गोष्ट तो पुराव्यावर घासून बघतो.

चार निमित्तांची गोष्ट, म्हातारा-रोगी-प्रेत-संन्यासी, ही 'महापदान सुत्ता'त विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाबद्दल आलेली आहे. गौतमाच्या चरित्राला ती नंतर चिकटली, असं ते दाखवतात. मध्यरात्रीच्या पलायनाचं काय? 'मज्झिमनिकाया'त बुद्ध स्वतः सांगतात ते निराळंच आहे: आईवडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, त्यांच्या देखत मी केस कापले आणि घर सोडलं. मग घर सोडलं ते का? त्यासाठी ते 'सुत्तनिपाता'तलं 'अत्तदण्ड सुत्त' पुढे करतात. आटत चाललेल्या पाण्यातल्या माशांसारखी माणसं एकमेकांवर तुटून पडताना पाहून भय वाटलं, असा त्याचा आशय. शाक्य आणि कोलिय यांची रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणं होत, हत्यारं उपसली जात, आणि या हिंसेचा उबग हे गृहत्यागाचं कारण असावं, असा त्यांचा निष्कर्ष.

मराठवाड्यात राहणाऱ्याला पाण्यावरून होणारं भांडण समजावून सांगावं लागत नाही. प्रेत पाहून हादरलेला सुखवस्तू राजपुत्र कदाचित आपल्यापासून लांबचा असेल. पण पाण्यासाठी शेजारी शेजाऱ्यावर काठी उगारतो हे पाहून ज्याचं मन उडालं, तो माणूस आपल्या बांधावरचा आहे.

म्हणजे बघा, शाळेकडे घेऊन जाणारी गोष्ट शाळेने काढून घेतली. आईची भीती इथवर खरी आहे, आणि ती खोटी आहे असं त्या मुलाला सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. अभ्यास काहीतरी काढून घेतोच. सूकरमद्दव, म्हणजे बुद्धांचं शेवटचं जेवण, हे डुकराचं मांस होतं असाच अर्थ धर्मानंदांनी लावला. तो ऐकायला कित्येकांना जड गेला. श्रद्धेला बरं वाटावं म्हणून त्यांनी अर्थ मऊ केला नाही.

पण या माणसाची बुद्धावरची निष्ठा कमी झाली का? त्यांचं आयुष्य पाहा. कलकत्त्यातली चांगली नोकरी सोडून सयाजीराव महाराजांचं महिना 50 रुपयांचं वेतन त्यांनी पत्करलं, का, तर हे ज्ञान मराठी माणसापर्यंत जावं. हार्वर्डला श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले तेव्हा वाकले नाहीत. 'समाधिमार्ग' लिहिलं. 1937 मध्ये मुंबईत परळला कामगारवस्तीत बहुजन विहार काढला. दंतकथेवरचा विश्वास गेला आणि बुद्धाच्या शिकवणीवर चालणं वाढलं, असा हा जमाखर्च आहे. शेवटी तर ते पार्श्वनाथांच्या चातुर्यामाकडे, अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह यांच्याकडे वळले. म्हणजे श्रद्धा एका पंथाच्या कुंपणातही राहिली नाही. आजाराने थकल्यावर त्यांनी अन्न सोडलं आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला देह ठेवला. त्या निर्णयाबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही होतील. आम्ही नोंद म्हणून सांगतो, आदर्श म्हणून नाही.

कुणी म्हणेल, धर्मानंद सारस्वत ब्राह्मण घरातले, त्यांना बुद्ध ही स्वतःची निवड होती. ज्या समाजाला बुद्धाने माणूसपण मिळवून दिलं त्याने असली चिकित्सा का करावी? हा आक्षेप वजनदार आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला ज्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांच्यासाठी बुद्धवंदना हा केवळ विचार नाही, ती घराची ओळख आहे. पण याला उत्तर आम्ही देण्याची गरज नाही, बाबासाहेबांनी दिलेलं आहे. 1957 मध्ये त्यांच्या पश्चात प्रकाशित झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. प्रस्तावनेतच पहिला प्रश्न चार निमित्तांवर आहे: एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नसेल हे कसं मानायचं? आणि पुढे गृहत्यागाचं कारण म्हणून येतो तोच रोहिणीच्या पाण्याचा वाद. लाखो लोकांना धम्म देणाऱ्याने शंका लपवली नाही, दारातच मांडून ठेवली. तरी त्या घरांतली वंदना थांबली नाही.

आता दुसऱ्या परंपरेतलं एक उदाहरण, म्हणजे हा एका धर्माचा विषय नाही हे लक्षात येईल. आपल्या शेजारच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून त्यांचा प्रवास सुरू झाला, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरला ख्रिस्ती उपदेशक घडवणाऱ्या विद्यालयात ते शिकवत. म्हणजे हे आतले गृहस्थ. वर्षानुवर्षं आत राहून त्यांना दिसलं की परदेशी मिशनच्या चौकटीत ख्रिस्त इथल्या माणसाला परका वाटतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. संस्था सुटली, ख्रिस्त सुटला नाही. आणि इथेही किंमत दुसऱ्या कोणी दिली हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचायला मिळतं.

तेव्हा मित्रहो, त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईला काय सांगायचं?

बाळा, तू ज्या गोष्टीच्या बोटाला धरून निघाला आहेस ती गोष्ट कदाचित वाटेत सुटेल. सुटली तर घाबरू नकोस, आणि सुटू नये म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. आधी व्याकरणाचा कंटाळा येईल. मग ज्यांना पवित्र समजत होतास त्या जागा आणि माणसं जवळून दिसतील, निराशा होईल. मग तुझी आवडती कथा ग्रंथातच दुसऱ्या नावाखाली सापडेल. धर्मानंदांना हे तिन्ही भेटलं. ते टिकले, कारण ते निघाले तेव्हा त्यांना दुःखावर उपाय हवा होता, कथा हे फक्त निमित्त होतं. म्हणून जाण्याआधी एवढं स्वतःला विचार, मला नेमकं काय हवंय? कथा सांभाळायची असेल तर घरीच राहिलेलं बरं, त्यात कमीपणा काही नाही. पण उपाय शोधायचा असेल तर जा.

आणि आईला सांगायचं ते असं. माउली, तुमचा मुलगा परत येईल तेव्हा वंदना म्हणेल की नाही, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. म्हणेल तेव्हा तिचा अर्थ त्याला कळत असेल, एवढं नक्की. आणि बाळा, तुझ्यासाठी शेवटचं: धर्मानंदांनी सात वर्षं घर मागे ठेवलं, तू तसं करू नकोस. बुद्धांनी घर सोडलं ते आईवडिलांच्या समोर, त्यांची आसवं बघत. हे आपल्याला शोधून दिलं ते धर्मानंदांनीच. जायचंच तर आईला तोंडावर सांगून जा, पत्र लिहीत जा, आणि जे जे शिकशील ते तिलाही समजेल अशा मराठीत सांगत जा. धर्मानंद पुढे जन्मभर तेच तर करत होते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. नागसेनवनाच्या गावात प्रश्न विचारायला संकोच कसला!